विहिरीवरचा पंप सुरूच होत नाहीये, नुसता गुरगुरतोय (मदत हवी)

पागोळी | रविवार, संध्याकाळी ६:५०

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमचं गावचं घर आहे, मे महिन्यानंतर बंदच होतं, काल गणपतीसाठी उघडलं. सासूबाई, मी आणि दोन्ही मुलं पुढे आलोय, हे मंगळवारी रात्री पोचतील आणि बुधवारी बाप्पा बसणार. घरात मिळून अठरा-वीस माणसं होतील आणि विहिरीवरचा पंप सुरू होत नाहीये.

पंप एक एचपीचा, सिंगल फेज मोनोब्लॉक. विहिरीच्या कठड्यालगत पत्र्याची छोटी शेड आहे तिथे बसवलाय, घरापासून साधारण ४० मीटर. मेमध्ये छान चालत होता. आता हिरवं बटण दाबलं की मोटर हुंऽऽ असा आवाज करते, मागचा पंखा फिरत नाही, आणि अर्ध्या मिनिटात स्टार्टर ट्रिप होतो. तीनदा करून बघितलं, मग जळेल म्हणून सोडून दिलं. विहीर भरलेली आहे, पाणी वरून सात-आठ फुटांवर. सध्या पोहऱ्याने शेंदतोय पण सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, त्यांना मी हात लावू देत नाहीये आणि त्या ऐकत नाहीयेत.

बाजारातला पंपवाला म्हणतो गणपतीनंतर बघू. काय तपासू?

ऊसमळा | रविवार, संध्याकाळी ७:१५

ताई फूटव्हॉल्व (पाईपच्या तळाचा, पाणी खाली उतरू न देणारा व्हॉल्व) गेला असणार. चार महिने बंद पंप म्हणजे पाईपमधलं पाणी उतरलं, हवा धरली. पाणी भरा वरून, प्रायमिंग करा, होईल सुरू.

मालवणी_माणूस | रविवार, संध्याकाळी ७:३०

गाववाल्यांनू, वायच दमान घ्या. आधी मेन बंद करा, मगे डबो उघडा. पावसात मुंग्ये, पाली, कुंभारणी सगळी त्या डब्यातच ऱ्हवाक येतत.

वाइंडिंगवाला | रविवार, रात्री ८:०५

पागोळीताई, मी चिपळूणला गेली २६ वर्षं मोटर वाइंडिंग करतोय. तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत म्हणून बोलता येतंय, नाहीतर लोक नुसतं "पंप बंद आहे" म्हणतात.

ऊसमळा, फूटव्हॉल्व नाही हो. फूटव्हॉल्व गळत असला तर मोटर मजेत फिरते, फक्त पाणी येत नाही. इथे मोटर फिरतच नाहीये. पंप एकदम मुका असेल, आवाजच नसेल, तर करंट मोटरपर्यंत पोचत नाहीये, म्हणजे फ्यूज, स्टार्टर किंवा तुटलेली वायर. हुं करून थांबत असेल तर करंट पोचतोय पण मोटरला उठायला जोर नाही. त्याची कारणं तीनच. कंडेन्सर गेला, शाफ्ट जाम झाला, किंवा व्होल्टेज कमी पडतंय. वाइंडिंग जळण्याचा नंबर त्यानंतर, आणि वाइंडिंग जळालं असतं तर तुम्हाला शेडमध्ये शिरल्याबरोबर वास आला असता.

आता आधी मेन स्विच बंद. नुसता स्टार्टर बंद करून चालणार नाही, घरातला मेन. मग पंपाच्या मागची पंख्याची जाळी काढा आणि पंखा हाताने फिरवून बघा. दोन बोटांनी फिरला पाहिजे. चार महिने बंद पंपात बिडाच्या इम्पेलरला (पाणी फेकणाऱ्या आतल्या चक्राला) गंज धरतो आणि तो बॉडीला चिकटून बसतो, कोकणातल्या दमट हवेत हे फार होतं. फिरत नसेल तर शाफ्टच्या टोकाला खाच असते, त्यात डिसमिस घालून हळूहळू मागेपुढे हलवा. हातोडा मारू नका.

कोरी_पाटी | रविवार, रात्री ८:२०

डिसमिस म्हणजे?

वाइंडिंगवाला | रविवार, रात्री ८:२२

स्क्रू ड्रायव्हर :) आमच्याकडे सगळे डिसमिसच म्हणतात.

ऊसमळा | रविवार, रात्री ८:४०

बरोबर आहे वाइंडिंगवाले, मी थ्री फेजवाला माणूस, आमच्या मळ्यात साडेसातचा पंप, कंडेन्सरची भानगडच नाही. पण गावात घरगुती पंप असे अडले की बटण दाबायचं आणि मागून पंख्याला काडीने ढकलायचं, लगेच सुरू होतात. मी स्वतः केलंय.

वाइंडिंगवाला | रविवार, रात्री ९:१०

करू नका आणि इथे लिहूही नका, कुणीतरी वाचून करेल. मोटर मिनिटाला २८०० च्या वर फेरे मारते. काडी आत ओढली की बोट तिच्यामागे जातं. माझ्या दुकानात हेल्परचं करंगळीचं पेर असंच गेलंय, मी समोर उभा होतो. ढकलल्यावर सुरू झाली तर कंडेन्सर गेलाय एवढंच कळतं, आणि ते कळायला शंभर-दीडशे रुपयांचा नवा कंडेन्सर लावून बघता येतो.

ऊसमळा | रविवार, रात्री ९:१८

मान्य. मागे घेतो. पेर गेलं हे वाचून अंगावर काटा आला.

रहाट | रविवार, रात्री ९:५०

ताईंच्या सासूबाई ऐकत नाहीयेत हे वाचून आईची आठवण आली. आमच्या गुहागरच्या घरी १९७८ पर्यंत लाकडी रहाट होता, माडाच्या बुंध्याचा. पहाटे पाच वाजता त्याची कुरकुर ऐकूनच आम्हाला जाग यायची. नंतर लोखंडी कप्पी आली, मग पंप आला, पण आई शेवटपर्यंत देवाच्या पूजेचं पाणी शेंदूनच आणायची. यंत्राने ओढलेलं नको म्हणायची. ताई, त्यांना एक कळशी शेंदू दे, देवापुरती. बाकीचं तू बघ. आणि दोर बघून घे आधी, चार महिन्यांत उंदरांनी कुरतडलेला असतो.

पागोळी | रविवार, रात्री १०:३५

रहाट काका, दोर खरंच एका जागी कुरतडलेला निघाला! आत्ताच टॉर्च घेऊन बघितला. उद्या नवा आणते. तुमचे फार आभार.

वाइंडिंगवाला दादा, मेन बंद करून जाळी काढली. कुंभारणीचं मातीचं घरटं होतं आत, काढलं. पंखा सुरुवातीला जड वाटला, दोन-तीनदा मागेपुढे केल्यावर सहज फिरायला लागला. मेन चालू करून बटण दाबलं, पुन्हा तेच हुंऽऽ. आणखी एक लिहायचं राहिलं होतं, स्टार्टरच्या डब्यातून मधूनमधून कटकट कटकट असा आवाज येतो, जणू आत कुणी टिचक्या मारतंय. मेमध्ये असा आवाज नव्हता.

सातासमुद्रापार | सोमवार, पहाटे ४:१५

पेनसिल्व्हेनियाहून. आमच्या भागात नगरपालिकेचं पाणी नाही, प्रत्येकाच्या अंगणात बोअर, आत सबमर्सिबल (पाण्यात बुडालेला पंप), तळघरात प्रेशर टँक आणि त्याच्याशेजारी प्रेशर स्विच. पाण्याचं प्रेशर ४० पीएसआयला उतरलं की स्विच पंप चालू करतो, ६० ला गेलं की बंद. मागच्या उन्हाळ्यात शनिवारी सकाळी नळ कोरडे. मी बायकोला म्हटलं मोटर गेली. प्लंबर सोमवारशिवाय येणार नव्हता. ब्रेकर पाडून स्विचचं झाकण उघडलं तर काँटॅक्टच्या दोन चकत्यांमध्ये मुंग्या चिरडून त्यांचा काळा थर बसला होता, करंटच पुढे जात नव्हता. साफ केला आणि पंप सुरू. मालवणी_माणूस म्हणतात ते साता समुद्रापारही खरं आहे. पण तुमची केस वेगळी दिसते, तुमच्याकडे आवाज येतोय.

वाइंडिंगवाला | सोमवार, सकाळी ७:३०

ताई, त्या कटकटीने मला बरंच सांगितलं. स्टार्टरच्या आत काँटॅक्टर असतो, त्याची कॉइल चुंबकासारखी काँटॅक्ट ओढून धरते. व्होल्टेज फार खाली गेलं की कॉइलला पकड राहत नाही, सोडते, लोड सुटला की व्होल्टेज वर येतं, परत पकडते. तीच कटकट. माझा संशय आता व्होल्टेजवर आहे. तरी आज बाजारात जाणारच आहात तर कंडेन्सर काढून न्या आणि दुकानात मीटरवर तपासून घ्या. त्यावर आकडा छापलेला असतो तो मला कळवा. काढताना मेन बंद, आणि दोन्ही टोकांना बोट लावू नका, कंडेन्सर काही वेळा चार्ज धरून ठेवतो. डिसमिसने शॉर्ट करून ठिणगी पाडायची पद्धत आहे, ती नको, एक साधा बल्ब होल्डरसकट दोन वायरींनी क्षणभर टेकवा, उतरतो.

भौतिकी | सोमवार, सकाळी ९:००

मी नाशिकला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, पंपातलं मला काही कळत नाही पण कारण सांगते. सिंगल फेजच्या करंटने मोटरमध्ये फिरणारं चुंबकक्षेत्र तयार होत नाही, ते जागच्या जागी मागेपुढे होतं, म्हणून रोटर नुसता थरथरतो आणि हुं ऐकू येतं. दुसऱ्या गुंडाळीतला करंट कंडेन्सरमुळे थोडा पुढे सरकतो आणि त्या दोघांच्या मिळून फिरकी तयार होते. कंडेन्सर गेला की फिरकी गेली. आणि व्होल्टेजचं म्हणाल तर मोटरचा उठायचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० ऐवजी ११५ मिळाले तर जोर अर्धा नाही, पाव होतो.

कोरी_पाटी | सोमवार, सकाळी ११:२०

माफ करा मधेच विचारतो. संभाजीनगरला बंगल्यात ३०० फुटी बोअर आहे, दीड एचपीचा सबमर्सिबल. बटण दाबलं की पॅनेलवरचा अँपिअरचा काटा एकदम पलीकडे जातो आणि ट्रिप. माणूस म्हणतोय मोटर वर काढावी लागेल, चेनपुली, चार माणसं, दिवसभराचं काम. काढू का?

वाइंडिंगवाला | सोमवार, सकाळी ११:४५

थांबा, इतक्यात काढू नका. मोटर ३०० फूट खाली आहे पण तिचे कंडेन्सर वरच्या पॅनेलमध्येच असतात, एक स्टार्ट, एक रन. आधी ते दोन बदलून बघा. फुगलाय का, खाली तेल गळालंय का, एवढं डोळ्यांनीही दिसतं. मग मेन बंद ठेवून केबलच्या तिन्ही वायरी सोडवा, लाल, पिवळी, निळी, आणि मीटरने दोन-दोनमधला रेझिस्टन्स मोजा. सगळ्यात मोठा आकडा बाकीच्या दोघांच्या बेरजेएवढा आला की आतल्या गुंडाळ्या बहुतेक शाबूत. शेवटी मेगर (करंट बाहेर गळतोय का ते दाखवणारा मीटर) लावून अर्थशी तपासायचं. हे सगळं वरून होतं. त्यात खोट निघाली तरच पाईप उपसा.

फोंडेकर | सोमवार, दुपारी १२:३०

फोंड्याहून लिहितोय. कुणीच अर्थिंगचा विषय काढला नाही म्हणून. आमच्या वाड्यावरच्या विहिरीत दोन वर्षांपूर्वी लोखंडी कप्पीला हात लावला की झिणझिण्या यायच्या. बायका म्हणायच्या, बाबा म्हणायचे ओल आहे म्हणून. शेवटी बघितलं तर पंपाच्या वायरचं रबर घासून तांबं बॉडीला लागलं होतं आणि अर्थची वायर गंजून तुटून गेली होती, कधी तुटली कुणाला माहीत नाही. ओल्या पायांनी, ओल्या दोराने आम्ही सगळे महिनोनमहिने तिथे पाणी शेंदत होतो. पागोळीताई, तुम्ही तर सध्या पंपाच्या शेजारीच उभ्या राहून शेंदताय. पंप दुरुस्त होईपर्यंत शेंदताना मेन बंद ठेवा, आणि ३० एमएची (मिलिअँपिअरची) आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, नसेल तर याच खेपेला बसवून घ्या. इतका करंट जमिनीत गळला की ती क्षणात पाडते.

पागोळी | सोमवार, संध्याकाळी ५:४०

फोंडेकर, वाचून पोटात गोळा आला. दुपारपासून शेंदताना मेन बंद ठेवतोय आणि आरसीसीबी आजच आणली.

कंडेन्सरवर २० एमएफडी ४४० व्होल्ट असं छापलंय, दुकानातल्या मीटरवर १९.२ दाखवलं. दुकानदार म्हणाले हा चांगला आहे, बदलू नका. मी हट्टाने नवाही घेतला, घरी येऊन लावला, काही फरक नाही. तीच गुरगुर, तीच कटकट. शेजारच्यांचा मुलगा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आहे, तो आज रत्नागिरीहून आला. त्याने शेडमध्ये मीटर लावून व्होल्टेज बघितलं तर २३२. म्हणजे तेही ठीक. मग आता मोटरच जळालीये का? खरंच सांगा, रडू येतंय. उद्या हरितालिका.

वाइंडिंगवाला | सोमवार, संध्याकाळी ६:१०

रडू नका. एकच प्रश्न. २३२ मोजलं तेव्हा पंपाचं बटण दाबलेलं होतं का?

पागोळी | सोमवार, संध्याकाळी ६:१४

नाही. पंप बंद होता.

वाइंडिंगवाला | सोमवार, संध्याकाळी ६:३०

मग ते मोजमाप धरू नका. पंप बंद असताना वायरीतून करंटच जात नाही, सांधा केसाएवढा चिकटलेला असला तरी मीटर पूर्ण आकडा दाखवतो. बटण दाबल्यावर, मोटर गुरगुरत असताना काय राहतं ते बघायचं. माझ्याकडे "व्होल्टेज बरोबर आहे, मोटरच गेली" म्हणून आणलेल्या कितीतरी मोटरी मी तशाच परत पाठवल्यात, टेबलावर लावली की फिरते. लोकांनी भाडं भरून ४० किलोमीटरवरून आणलेली असते, त्यांचं तोंड बघवत नाही.

घरात पिवळा जुना बल्ब आहे का, तारवाला? एलईडी नको, एलईडी कमी व्होल्टेजवरही तसाच उजेड देतो, फसवतो. तो बल्ब शेडमधल्या सॉकेटला लावा आणि पंपाचं बटण दाबा. मग तोच बल्ब घरात मेन बोर्डाजवळच्या सॉकेटला लावा आणि परत कुणालातरी पंपाचं बटण दाबायला सांगा. दोन्हीकडे काय दिसतं ते लिहा. प्रत्येक वेळी तीन सेकंदांच्या वर दाबून ठेवू नका. मीटर त्या मुलालाच धरू दे, पायात चपला आणि हात कोरडे.

पागोळी | सोमवार, रात्री ८:५०

बल्ब माळ्यावर सापडला, सत्यनारायणाच्या मखरातला, ६० वॉटचा.

शेडमध्ये लावला. बटण दाबल्याबरोबर तो एकदम उतरला, आतली तार नुसती उदबत्तीच्या टोकासारखी लाल राहिली, आणि त्याच वेळी कटकट. मुलाने मीटर धरला होता, १३८! मग बल्ब घरात मेन बोर्डाशी लावला, धाकटीला शेडच्या दाराशी उभं केलं आणि शेजारच्या मुलाने तिथून बटण दाबलं. घरातला बल्ब नुसता एकदा मिटमिटला. मीटरवर २२१.

वाइंडिंगवाला | सोमवार, रात्री ९:००

सापडलं. तुमची मोटर चांगली आहे, कंडेन्सर चांगला आहे, बाहेरून येणारी लाईन चांगली आहे. घर आणि शेड यांच्यामधल्या ४० मीटरमध्ये ८३ व्होल्ट गळतायत. वायर कितीची आहे?

पागोळी | सोमवार, रात्री ९:१५

मुलगा म्हणतो तांब्याची दीड एमएम. पण मागच्या पडवीपर्यंत जुनी अॅल्युमिनियमची वायर आहे सासऱ्यांच्या काळातली, पडवीपासून पुढे तांब्याची.

भौतिकी | सोमवार, रात्री ९:४०

मी आकडे घालून बघितले. सगळी दीड एमएमची तांब्याची वायर धरली तर जाऊन-येऊन ८० मीटरचा रेझिस्टन्स साधारण एक ओहम. १३८ व्होल्टवर अडकलेली मोटर २० अँपिअर ओढतेय असं धरलं तर वायरीत २० व्होल्ट जायला हवेत. ८३ जातायत. म्हणजे उरलेले साठेक व्होल्ट एखाद्या सांध्यात जातायत, आणि ६० गुणिले २० म्हणजे १२०० वॉट. एका सांध्यात इस्त्रीपेक्षा जास्त उष्णता. ताई, तो सांधा पडवीत लाकडी वाशाला लागून आहे का? असेल तर आज रात्री पंपाची लाईन मेनपासूनच तोडून ठेवा.

ऊसमळा | सोमवार, रात्री ९:५५

अॅल्युमिनियम आणि तांबं नुसतं पीळ मारून जोडलं की पावसात कुजतंच, आमच्या मळ्यातही झालंय. पांढरी पूड सुटते. यावेळी मी बरोबर बोलतोय ना वाइंडिंगवाले?

वाइंडिंगवाला | सोमवार, रात्री १०:०५

शंभर टक्के बरोबर. मेमध्ये कोरडं होतं म्हणून कसंबसं चाललं. पाऊस लागला, ओल आत गेली, दोन धातूंमध्ये गंज धरला.

पागोळी | मंगळवार, दुपारी १:२०

सकाळी मेन काढून सांधा उघडला. पडवीच्या वाशाखालीच होता, भौतिकीताई. काळी टेप वितळून गुळासारखी चिकट झाली होती, ती सोलली तर आत अॅल्युमिनियमवर पांढरट पूड आणि तांब्यावर हिरवी. बोटाने ओढलं तर एक तार हातातच आली. वाशावर रुपयाएवढा काळा डाग पडलाय. सासूबाईंनी तो डाग बघितला आणि खालीच बसल्या. म्हणाल्या ह्याच वाशाखाली मी रोज पाट मांडून बसते.

मुलाने अॅल्युमिनियमची वायर पूर्ण काढून टाकली, मेन बोर्डापासून शेडपर्यंत चार एमएमची नवी तांब्याची ओढली, मधे एकही सांधा नाही. नवी अर्थिंगची वायर आणि आरसीसीबीही लावली. बटण दाबलं, हुं सुद्धा ऐकू आलं नाही, एकदम फिरला! बटण दाबताना २१०, फिरल्यावर २२४. पण पाणी आलं नाही :(

ऊसमळा | मंगळवार, दुपारी १:२५

आता फूटव्हॉल्व! आता तरी माझं ऐका, पाणी भरा वरून.

पागोळी | मंगळवार, दुपारी २:१०

भरलं! तीन कळश्या पाणी गेलं आत, बुच लावलं, सुरू केला, आधी नुसती हवा आणि गढूळ पिचकारी, मग बदाबदा पाणी. टाकी भरतेय. मुलं पाईपखाली उभी आहेत, मी ओरडलेही नाही. ऊसमळा दादा, तुमचाही मान राहिला.

मालवणी_माणूस | मंगळवार, दुपारी २:३०

गणपती बाप्पा मोरया! त्या शेजारच्या झिलाक पयलो मोदक द्या.

कोरी_पाटी | मंगळवार, रात्री ९:००

माझंही सांगतो. पॅनेल उघडलं, स्टार्ट कंडेन्सरचं टोपण फुटून बाहेर आलेलं होतं. दोन्ही बदलले. पंप चालू. चेनपुलीवाल्याला नको म्हणून कळवलं. वाइंडिंगवाले, तुमचे उपकार कसे फेडू?

वाइंडिंगवाला | मंगळवार, रात्री ९:४०

फेडायचं काही नाही. पुढच्या माणसाला सांगा.

पागोळीताई, फूटव्हॉल्व थोडा गळतोय एवढं लक्षात ठेवा, मेमध्ये पाणी खाली गेलं की बदलून घ्या. उन्हाळ्यात तुमच्या विहिरीचं पाणी किती खाली जातं? वरचा पंप व्यवहारात २०-२२ फुटांच्या खालचं पाणी ओढत नाही, पंप कितीही एचपीचा असो. आणि घर बंद करून जाताना पंप तसाच चार महिने सोडू नका, आठवड्याला दहा मिनिटं कुणीतरी चालवला पाहिजे, नाहीतर पुढच्या गणपतीला परत शाफ्ट चिकटेल.

पागोळी | पंधरा दिवसांनी, रविवार, सकाळी १०:३०

काल घर बंद करून आलो. वाडीतल्या काकूंकडे शेडची किल्ली दिली, दर रविवारी दहा मिनिटं चालवायला. मखरातला पिवळा बल्ब शेडमध्येच लावून ठेवलाय आणि त्यांना दाखवलंय की बटण दाबल्यावर तो कसा दिसला पाहिजे. आत्ता त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, "गो, चालू केलंय, बल्ब जरा पण उतरलो नाय."